मेरी ब्रायंट: चोरलेली होडी, दोन लेकरं आणि रानवेलीची पानं

गुलबक्षी

सिडनीत राहायला येऊन मला नऊ वर्षं झाली. कामावर जाताना रोज सर्क्युलर कीला फेरीबोटीतून उतरते आणि धक्क्यावरून चालत पुढे जाते. एका अंगाला ऑपेरा हाऊस, दुसऱ्या अंगाला पूल, आणि मधोमध फोटो काढणाऱ्यांची गर्दी. या छोट्याशा खाडीचं जुनं नाव सिडनी कोव्ह. २८ मार्च १७९१ च्या रात्री याच बंदरातून एक बाई वर्षाचा मुलगा आणि साडेतीन वर्षांची मुलगी घेऊन गव्हर्नरच्या होडीत बसून निघून गेली. तिच्याबद्दल वाचायला लागल्यापासून मला त्या धक्क्यावरून नुसतं चालत जाता येत नाही. आज जरा निवांतपणा आहे, म्हणून लिहायला बसले आहे.

तिचं नाव मेरी ब्रायंट, माहेरचं ब्रॉड. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे, तिथल्या फोवी या बंदरातली. १७६५ मध्ये तिच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. वडील खलाशी. १७८६ मध्ये, म्हणजे विशी-एकविशीत, तिने आणखी दोघींच्या साथीने प्लिमथच्या एका बाईला वाटेत अडवून मारहाण केली आणि तिची रेशमी टोपी आणि इतर चीजवस्तू लुबाडली. सगळा ऐवज अकरा पौंड अकरा शिलिंगांचा. एक्झेटरच्या कोर्टाने तिघींना फाशी सुनावली. पुढे ती कमी होऊन सात वर्षं समुद्रापार हद्दपारी झाली. तिने गुन्हा केला होता हे मी झाकत नाही. एका बाईला तिने मारलं होतं.

शिक्षा झाली तरी लगेच पाठवायला जागाच नव्हती. तोवर इंग्लंड आपले कैदी अमेरिकेत पाठवायचं. अमेरिकेने स्वातंत्र्याचं युद्ध पुकारलं आणि ती वाट बंद झाली. तुरुंग भरून वाहायला लागले, तेव्हा जुनी, प्रवासाच्या कामातून गेलेली जहाजं नदीत आणि बंदरात नांगरून त्यांत कैदी कोंबायला सुरुवात झाली. प्लिमथला उभ्या असलेल्या 'डंकर्क' नावाच्या असल्याच एका जहाजात मेरीने कित्येक महिने काढले.

१३ मे १७८७ ला अकरा जहाजांचा तो प्रसिद्ध पहिला ताफा कैद्यांना घेऊन ऑस्ट्रेलियाकडे निघाला. मेरी 'शार्लट' जहाजावर होती. वाटेत सप्टेंबरमध्ये ती बाळंत झाली. मुलगी झाली, तिचं नाव जहाजाच्या नावावरूनच शार्लट ठेवलं. जानेवारी १७८८ च्या अखेरीस ताफा इथे पोहोचला, बायकांना ६ फेब्रुवारीला किनाऱ्यावर उतरवलं आणि १० फेब्रुवारीला मेरीचं विल्यम ब्रायंट या कैद्याशी लग्न लागलं. या वसाहतीतल्या अगदी पहिल्या लग्नांपैकी एक. विल्यमही कॉर्नवॉलचाच, त्याच जहाजावरचा, आणि मासेमारीत तरबेज. लग्नाच्या नोंदवहीत मेरीने सहीच्या जागी फुली मारली आहे.

विल्यमला सरकारी होड्या आणि जाळी सांभाळायचं काम मिळालं. राहायला वेगळी झोपडी मिळाली. उपाशी वसाहतीत मासे हाताळणारा माणूस म्हणजे केवढा मान! पण वर्षभरात तो मासे परस्पर विकताना सापडला. शंभर फटके, आणि झोपडी गेली. होडीवरून मात्र त्याला काढता आलं नाही, कारण त्याच्याइतका जाणकार दुसरा कोणी नव्हता.

१७९० साल भुकेचं. 'सिरियस' हे जहाज नॉरफोक बेटापाशी फुटलं. आठवड्याचा शिधा माणशी अडीच पौंड पीठ, दोन पौंड खारवलेलं डुकराचं मांस आणि दोन पौंड तांदूळ इतक्यावर आला. त्या तांदळात एवढे किडे झाले होते की दाणे आपोआप हलताना दिसत, असं तिथल्या एका अधिकाऱ्याने लिहून ठेवलं आहे. जूनमध्ये दुसरा ताफा आला तो मदतीऐवजी मरणकळा घेऊनच. हजारभर कैद्यांतले अडीचशेवर वाटेतच गेले होते आणि उरलेल्यांतल्या कित्येकांना चालता येत नव्हतं. त्याआधी दोन महिने, एप्रिलमध्ये, मेरीच्या मुलाचा, इमॅन्युएलचा, बाप्तिस्मा झाला होता.

डिसेंबरात बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, एक डच जहाज धान्य घेऊन आलं. त्याच्या कप्तानाकडून विल्यमने होकायंत्र, सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र, एक नकाशा, दोन बंदुका आणि दारूगोळा मिळवला. त्याच सुमाराला सरकारी होडी वादळात सापडून मोडली होती, ती दुरुस्त होऊन नवं शीड लागून आली. मार्चअखेर ते डच जहाज परत गेलं. बंदरात पाठलाग करू शकेल असं एकही जहाज उरलं नाही, त्याच रात्री हे निघाले. मेरी, विल्यम, दोन मुलं आणि सात पुरुष कैदी. सहा वल्ह्यांची उघडी होडी, तिच्यात शंभरेक पौंड पीठ, तेवढेच तांदूळ, चौदा पौंड मांस आणि आठ गॅलन पाणी.

अकरा जीव आणि आठ गॅलन पाणी. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा घरातली बादली डोळ्यांसमोर आली. दोन बादल्यासुद्धा भरत नाहीत.

त्यांनी ऑस्ट्रेलियाचा सगळा पूर्व किनारा धरून उत्तर गाठली. पाण्यासाठी किनाऱ्याला लागायचं, तर कुठे लाटा होडी आपटायच्या, कुठे तिथले लोक भाले घेऊन यायचे. होडीच्या फटी उकलल्या तेव्हा साबण भरून बुजवल्या. प्रवाळांच्या बेटांवर कासवं मारून मांस वाळवलं. पुढे कार्पेंटारियाचं आखात, तिथे होड्यांतून आलेल्या योद्ध्यांनी पाठलाग केला तेव्हा किनारा सोडून सरळ भर समुद्रात घुसले आणि साडेचार दिवसांत ते आखात पार केलं. ५ जूनला तिमोर बेटावरचं कुपांग आलं. ६९ दिवस, ३,२५४ मैल. एकही माणूस वाटेत दगावला नाही. दोन्ही मुलं जिवंत होती.

तिथे डच गव्हर्नरला त्यांनी सांगितलं की आमचं जहाज फुटलं. दोन महिने बरे गेले. मग खरं बाहेर आलं. सप्टेंबरात कॅप्टन एडवर्ड्स नावाचा इंग्रज अधिकारी तिथे आला. 'बाउंटी' या इंग्रज जहाजावरच्या बंडखोरांना पकडून नेताना त्याचं स्वतःचं जहाज प्रवाळावर फुटलं होतं. त्याने या सगळ्यांना बेड्या घातल्या आणि बटाव्हियाला नेलं.

१ डिसेंबर १७९१ ला तिथे इमॅन्युएल गेला. २२ डिसेंबरला विल्यम गेला. पुढच्या प्रवासात आणखी तिघे पुरुष गेले, त्यांतला एक समुद्रात पडून. आफ्रिकेच्या टोकाला, केप टाउनला, उरलेल्यांना 'गॉर्गन' जहाजावर चढवलं. ६ मे १७९२ ला शार्लट गेली. साडेचार वर्षांची होती. समुद्रावर जन्मली आणि समुद्रातच तिला सोडलं.

जूनमध्ये मेरी नवरा-मुलांवाचून, उरलेल्या चार पुरुषांबरोबर, लंडनच्या न्यूगेट तुरुंगात पोहोचली. कोर्टाने पुन्हा फाशी दिली नाही, पण मूळ शिक्षा पुरी होईपर्यंत आत राहा असा हुकूम झाला. तिची कहाणी वर्तमानपत्रांत आली. जेम्स बॉसवेल या नामांकित लेखक-वकिलाने ती मनावर घेतली आणि गृहमंत्री डंडास यांच्याकडे चिकाटीने पाठपुरावा केला. २ मे १७९३ ला तिला माफी मिळाली.

बाकीचं प्रतिसादांत लिहीन. आता डोळे दुखायला लागले.

कडूलिंब

वाचनखूण साठवली. एक हिशेब मांडून पाहिला. शिक्षा मार्च १७८६ ची, सात वर्षांची. म्हणजे मार्च १७९३ मध्ये ती पुरीच झाली होती. माफी आली मे महिन्यात. सरकारने तिला एक दिवसही माफ केला नाही.

गुलबक्षी

कडूलिंब, खरंच की! इतक्या वेळा वाचूनही हा हिशेब माझ्या लक्षात आला नव्हता. आणि तिच्याबरोबरच्या चार पुरुषांना तर नोव्हेंबरपर्यंत आतच ठेवलं होतं.

शिक्षांच्या मुदतीचा आणखी एक घोळ सांगते. पहिल्या ताफ्याबरोबर कैद्यांची कागदपत्रंच नीट पाठवली नव्हती. कोणाची मुदत कधी संपते हे गव्हर्नर फिलिपला कळायला मार्ग नव्हता. लोक येऊन सांगायचे, साहेब, माझी सात वर्षं झाली. तो म्हणायचा, कागद येईपर्यंत थांबा. कागद यायला वर्ष-दीड वर्ष. विल्यमची मुदत मार्च १७९१ मध्येच संपत होती, म्हणजे ते पळाले त्याच महिन्यात.

निवडुंग

मग नवरा मोकळा होत असताना पळायची घाई कोणाला होती? मला तर ही मेरीची योजना वाटते. विल्यम उघड म्हणायचा की इथलं लग्न इंग्लंडात धरलं जाणार नाही. तो मोकळा होऊन निघून गेला असता, तर ही दोन पोरं घेऊन तिथेच. तिची अजून दोन वर्षं बाकी होती.

गुलबक्षी

माझंही मत असंच झुकतं. विल्यमच्या त्या बोलण्याची नोंद वसाहतीच्या न्यायाधिकाऱ्यानेच केलेली आहे.

दर्यावर्दी

गुलबक्षीताई, आमचं घर देवगड तालुक्यातलं, तीन पिढ्या मासेमारीत. मी स्वतः आता नोकरीत आहे, पण लहानपणी आजोबांबरोबर होडीत जायचो, म्हणून दोन गोष्टी लिहितो.

साबणाचं वाचून थांबलो. लाकडी होडीच्या दोन फळ्यांमध्ये फट असतेच. तीत कापूस ठोकून बसवतात, वरून राळ आणि तेल कालवून लावतात. दर हंगामाआधी हे करावंच लागतं, आणि त्यासाठी होडी कोरडी करून उलटी घालावी लागते. यांना ते अनोळखी वाळूवर, भाल्यांच्या टप्प्यात करावं लागलं. राळ संपल्यावर साबण भरायचं ज्याला सुचलं, त्याचा हात होडीवर बसलेला होता. साबण पाण्यात विरघळतो हे त्यालाही माहीत असणार. चार दिवस तग धरला तरी पुष्कळ, असा तो विचार आहे.

दुसरं पाणी उपसण्याचं. उघड्या होडीत भरसमुद्रात लाट आत येते ती येतेच. कोणीतरी एक माणूस सतत उपसत बसलेला असतो. वल्ही मारणारे सहा, सुकाणूवर एक. उरलेल्यांत मेरी आली. मांडीवर एक पोर आणि हातात उपसायचं भांडं, हे मला कोणी सांगायला नको, मला ते दिसतंच आहे. आमचे आजोबा म्हणायचे, "वारो डोळ्यान नाय, गालान बघूचो." खलाशाच्या घरी वाढलेल्या मुलीला ते येत असणार. होडीत सगळेच दर्यावर्दी नव्हते. अशा वेळी ज्याला येतं त्याच्यावर सगळ्यांचा जीव असतो.

अबोली

दर्यावर्दी, किती छान लिहिलंत. ते उपसण्याचं वाचून अंगावर काटा आला.

धागा वाचताना मीही एक हिशेब केला, लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितेच. जहाज मे १७८७ मध्ये निघालं. शार्लट सप्टेंबर १७८७ मध्ये जन्मली. मी प्रसूतिगृहात काम करते, आम्हाला ही वजाबाकी रोजची. म्हणजे दिवस गेले ते डिसेंबर १७८६ च्या आसपास, जेव्हा मेरी त्या नांगरलेल्या जहाजात कैदेत होती. तिथे पहारेकरी आणि कैदी सोडून तिसरं कोणी नव्हतं. आणि तशा अवस्थेत तिला समुद्रात लोटलं. पाचव्या-सहाव्या महिन्यात खालच्या मजल्यावर, उजेड नाही, वारा नाही. बाळंतपणाला कोण होतं तिच्याजवळ? तिच्यासारख्याच बायका असतील. त्यांतलीच कोणीतरी नाळ कापली असेल.

निवडुंग

कुपांगमध्ये खरं कसं बाहेर आलं, यावर वेगवेगळी हकिगत वाचली आहे. कोणीतरी दारूच्या नशेत बरळलं, असं एक. दुसरं असं की विल्यमनेच बायकोशी भांडण झाल्यावर रागाने सगळ्यांची नावं सांगून टाकली. दुसरं जेम्स मार्टिनचं म्हणणं आहे. तो त्या होडीतला कैदी, आणि त्याने लिहून ठेवलेली हकिगत लंडनच्या एका विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पहिल्या ताफ्यातल्या कैद्याने स्वतः सांगितलेली तेवढी एकच हकिगत उरली आहे. मी मार्टिनवर विश्वास ठेवतो. तो तिथे होता.

गुलबक्षी

तो होता, हे खरं. पण मार्टिन हे सांगतो तेव्हा विल्यम मेलेला आहे, आणि बाकीचे सुटकेसाठी धडपडत आहेत. मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं असतं. मी दोन्ही हकिगती शेजारीशेजारी ठेवते आणि एक गोष्ट मला टोचत राहते. दोन्हीत मेरी काय म्हणाली हे नाही. भांडण झालं म्हणे. कशावरून? तिचं एक वाक्यसुद्धा कोणी टिपलेलं नाही.

एकूणच असं आहे. वसाहतीतल्या अधिकाऱ्यांनी तिच्याबद्दल लिहिलं, मार्टिनने लिहिलं, पत्रकारांनी लिहिलं, बॉसवेलने रोजनिशीत लिहिलं. तिला लिहिता येत नव्हतं.

सोनकी

मी थोडं वेगळं लिहिते, रागावू नका. त्या बंदराच्या काठावर इओरा लोक हजारो वर्षं राहत होते. जहाजं आल्यानंतर सव्वा वर्षात, एप्रिल १७८९ मध्ये, तिथे देवीची साथ आली आणि किनाऱ्यावर प्रेतंच प्रेतं पडली होती. मेरी आणि तिचे साथी वाटेत ज्यांच्या किनाऱ्याला लागत होते, ज्यांच्यावर बंदुका झाडत होते, त्यांच्या बाजूने ही गोष्ट कोण सांगणार? मेरीबद्दल मला माया वाटते. पण भाले घेऊन आलेले लोक आपल्या घराच्या अंगणातच उभे होते.

गुलबक्षी

सोनकी, रागावणार कशाला? हे धाग्यात यायलाच हवं होतं आणि मी ते घाईत उरकलं. विल्यमची होडी वादळात सापडली होती असं मी वर लिहिलं ना, त्या दिवशी त्या होडीत बेनेलाँगची बहीण आणि तिची मुलं होती. बेनेलाँग म्हणजे गव्हर्नर फिलिपशी दोस्ती झालेला तिथला माणूस. आज ऑपेरा हाऊस उभं आहे त्या टोकाला त्याचंच नाव आहे. त्या दिवशी किनाऱ्यावरच्या त्याच्या लोकांनी मदतीला धावून सगळ्यांना वाचवलं. म्हणजे ज्या होडीतून मेरी पळाली ती आणि तिचा नवरा दोघंही त्या लोकांमुळेच शिल्लक होते.

पांगारा

वीस डॉलरच्या नोटेवरच्या मेरी रेबीवर कोणी लिहिलं नाही अजून? तीही कैदीच. तेरा-चौदा वर्षांची असताना मुलाच्या वेषात, मुलाचं नाव सांगून घोडा चोरताना सापडली. १७९२ मध्ये सिडनीला आली. ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी केलेल्या थॉमस रेबीशी लग्न झालं. १८११ मध्ये तो वारला, पदरात सात मुलं. तिने त्याची जहाजं, गोदामं, जमिनी स्वतः सांभाळून वाढवल्या. १८१७ मध्ये न्यू साउथ वेल्सची पहिली बँक सुरू झाली ती तिच्याच इमारतीत. गुलबक्षीताई, तुम्ही हिला सोडून ब्रायंट का निवडलीत?

गुलबक्षी

पांगारा, मेरी रेबीचं कर्तृत्व मोठंच आहे, तिच्यावर तुम्ही वेगळा धागा काढा, मी नक्की वाचेन. पण ऑस्ट्रेलियात १७८८ पासून १८६८ पर्यंत एक लाख बासष्ट हजारांच्या आसपास कैदी आले, त्यांत बायका पंचवीस हजारांच्या घरात. नोटेवर एक गेली. बाकीच्या कुणाच्या तरी घरी धुणीभांडी करत, नाहीतर पॅरामॅटा आणि होबार्टच्या 'फीमेल फॅक्टरी'त, म्हणजे कैदी बायकांच्या कामघरात, लोकर कातत, लहान मुलं मरताना बघत जगल्या. मला त्यांच्याकडे बघायचं होतं. मेरी ब्रायंट त्यांच्यातली वाटते.

देवचाफा

या धाग्यावर माझ्या मनात सारखी एक आपली बाई येते आहे. तिच्याबद्दल फार थोडं माहीत आहे, तरी लिहिते.

पुण्यात महात्मा फुल्यांचे मित्र गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसवलं. दिवस गेले. गर्भ पाडायचे उपाय चालले नाहीत, मूल झालं. लोकलाजेपोटी तिने त्याला मारून विहिरीत टाकलं. खटला झाला आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा होऊन अंदमानला पाठवलं. ही हकिगत खुद्द जोतिरावांनी १८८४ च्या डिसेंबरात सरकारला पाठवलेल्या टिपणात आहे. या घटनेने हादरूनच १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, विधवांनी इथे येऊन गुप्तपणे सुखरूप बाळंत व्हावं अशी पत्रकं ब्राह्मण वस्तीच्या भिंतींवर लावली. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या.

त्या पस्तीसजणी वाचल्या. शास्त्र्याला काही झालं नाही. काशीबाई बोटीत चढली.

सुरतेच्या विजयालक्ष्मीचंही असंच. १८८१ मध्ये बालहत्येबद्दल आधी फाशी, मग वरच्या कोर्टात काळं पाणी, मग तेही कमी होऊन पाच वर्षं. त्या खटल्यावर वर्तमानपत्रांनी बायकांच्या जातीलाच झोडपायला घेतलं, त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली.

जांभूळपाखरू

देवचाफा, काशीबाईंचं वाचून सुन्न झाले. अंदमानात बायकांचं काय होत असे, कोणाला माहीत आहे का? आपण सगळे सेल्युलर जेल बघून येतो, तिथे बायका नव्हत्या ना?

देवचाफा

नाही, सेल्युलर जेल पुष्कळ नंतरचा. तो १८९६ ते १९०६ मध्ये बांधला. वसाहत १८५८ पासूनची. बायकांसाठी वेगळा तुरुंग होता, तिथे कातणं-विणणं करायला लावायचे. बायका फार थोड्या आणि पुरुष हजारोंनी. सरकारला वसाहत स्थिरावायची होती, म्हणून ठरावीक वर्षं काढलेल्या कैद्यांना आपसात लग्नाची परवानगी मिळायची. पोर्ट ब्लेअरमध्ये आजही शादीपूर नावाची वस्ती आहे. जात, भाषा, प्रांत सगळं मागे टाकून संसार उभे राहिले. त्यांची नातवंडं-पणतवंडं तिथे स्वतःला 'लोकल बॉर्न' म्हणवतात, घरात हिंदुस्तानी बोलतात.

१० फेब्रुवारी १७८८ ची ती लग्नं वाचली तेव्हा मला हेच आठवलं. किनाऱ्यावर उतरून चार दिवस झाले आणि लग्न. सत्तर वर्षांनी इंग्रजांनी तोच डाव अंदमानात टाकला.

सह्यकडा

थोडं अवांतर. शिक्षेची बोट आपल्याकडेसुद्धा यायची. महाबळेश्वरच्या जुन्या तुरुंगात मलाया-सिंगापूरकडून पाठवलेले चिनी आणि मलायी कैदी होते. त्यांनी तिथे बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळे केले. चायनामन्स फॉल हे धबधब्याचं नाव त्यांच्यावरून आहे. आम्ही शाळेच्या सहलीला तिथे डबे खाल्ले होते, नाव कशावरून हे कोणी सांगितलं नव्हतं.

गुलबक्षी

देवचाफा, काशीबाई वाचल्यापासून मला दुसरं काही सुचलं नाही. आभार तरी कसे मानू? आता राहिलेलं लिहिते.

केप टाउनला मेरी 'गॉर्गन'वर चढली, तेव्हा त्या जहाजावर सिडनीहून घरी परतणारे सैनिक आणि अधिकारी होते. त्यांत वॉटकिन टेंच होता. तोच चार-पाच वर्षांपूर्वी 'शार्लट'वरही होता. त्याने मेरीला जाताना पाहिलं होतं आणि आता येताना पाहत होता. त्याने लिहिलं आहे की या लोकांकडे बघताना मला दरवेळी दया आणि आश्चर्य वाटायचं, आणि ही बाई जाताना तर चांगल्या वागणुकीची म्हणून ओळखली जायची.

त्याच जहाजावर लेफ्टनंट राल्फ क्लार्क होता. त्याच्या रोजनिशीत शार्लटची नोंद आहे. गेल्या वर्षी मासेमारीच्या होडीतून पळालेली ती कैदी बाई मेरी ब्रॉड, तिचं मूल रात्री वारलं आणि समुद्रात सोडलं, एवढंच. तिचं मूल. नाव नाही. क्लार्कने शार्लटला रांगताना, चालताना पाहिलं असेल, एवढीशी ती वसाहत होती. आणि त्याच्या घरी त्याचाही लहान मुलगा होता, ज्याच्या आठवणीने तो रोजनिशीत पानंच्या पानं रडला आहे.

सुटल्यावर मेरी काही महिने लंडनमध्ये राहिली. बॉसवेलने खर्च केला. १२ ऑक्टोबर १७९३ च्या संध्याकाळी तो तिला बोटीवर पोचवायला थेम्सच्या धक्क्यावर गेला. दोघं तिथल्या खाणावळीच्या स्वयंपाकघरात दोन तास बसले. तिचं मन थाऱ्यावर नव्हतं, असं त्याने टिपलं आहे. सात-आठ वर्षांनी घरी जायचं, तेही मुलांशिवाय. त्याने तिला वर्षाला दहा पौंड देत राहायचं वचन दिलं आणि ते पाळलंसुद्धा. कॉर्नवॉलहून पैसे पोहोचल्याची पावती यायची. १७९५ मध्ये बॉसवेल गेला आणि ते पैसे बंद झाले.

मेरीने त्याला एक वस्तू दिली होती. थोडी वाळलेली पानं. सिडनीच्या रानात उगवणाऱ्या एका वेलीची. तिथे चहा मिळत नव्हता तेव्हा कैदी ही पानं उकळून प्यायचे आणि तिला 'गोड चहा' म्हणायचे. त्या पानांतली काही आता सिडनीच्या मिचेल ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत.

विचार करा, ही पानं तिने सिडनीहून निघताना बरोबर घेतली. होडीत. लाटा आत येत होत्या, कपडे कुजत होते, तरी कोरडी ठेवली. कुपांग, बटाव्हियाचं रुग्णालय, बेड्या, 'गॉर्गन', न्यूगेट. मुलगा गेला, नवरा गेला, मुलगी गेली. पानं राहिली.

बकुळफूल

गुलबक्षीताई, ती वेल म्हणजे स्मायलॅक्स कुळातली. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. आपल्या सह्याद्रीत त्याच कुळातली घोटवेल सगळीकडे आहे. पान ओळखायला सोपं: देठापासून टोकापर्यंत तीन ते पाच ठसठशीत शिरा कमानीसारख्या जातात, आणि देठाशी दोन बारीक तणावे असतात, त्यांनी ती झाडाला धरून चढते. सिडनीच्या वेलीच्या पानाची चव आधी कडसर आणि मग गोड लागते, असं वर्णन आहे. पान जाड, चामड्यासारखं असतं, म्हणूनच वाळल्यावर चुरा न होता इतकी वर्षं टिकलं असावं. उद्या विद्यार्थ्यांना घेऊन ताम्हिणीला जाणार आहे. घोटवेलीचं एक पान दाबून ठेवेन आणि वर्गात या बाईची गोष्ट सांगेन.

गुलबक्षी

बकुळफूल, नक्की सांगा. आणि मुलीचं नाव शार्लट होतं, तेही सांगा.